पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा विज्ञानाच्या वर्गात: प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांत काय करावे

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची संख्या ५७.२ लाख नोंदवलेली आहे आणि त्यांतील २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, मुली आहेत. मुली विज्ञान घेत नाहीत ही तक्रार त्यामुळे आता जुनी झाली. त्या विज्ञान घेतात, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात, आणि मग लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली किंवा घरातले दीर्घ आजारपण यांपैकी काहीतरी मध्ये येऊन अभ्यास तिथेच थांबतो. मुले मोठी झाल्यावर, साधारण पस्तीस ते पन्नास या वयात, पुन्हा विद्यापीठात जाऊन एमएस्सी, एमटेक, संगणकशास्त्र किंवा पीएचडी करण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

विज्ञान महाविद्यालयात शिकवताना आणि प्रवेशाच्या टेबलावर बसताना अशा अनेकजणी मी पाहिल्या आहेत. माझे मत असे, की बुद्धी किंवा वय यांमुळे अडचण क्वचितच येते. ज्या मध्येच सोडून जातात त्या बहुधा पहिल्याच सत्रात जातात, आणि त्यामागची कारणे प्रवेश घेण्यापूर्वीच तयार झालेली असतात: चुकीचा अभ्यासक्रम निवडलेला असतो, कागदपत्रांत घोळ असतो, गणिताचा हात गेलेला असतो आणि घराशी तारखा ठरवून बोलणे झालेले नसते. जूनमध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीतच कामाला लागावे, असे मी सुचवते ते याचसाठी.

वयाची अट कोठे आहे?

ही शंका आधी दूर करावी, कारण ती अनेकजणींना फॉर्म भरण्यापूर्वीच मागे खेचते. एमटेकसाठी लागणाऱ्या गेट परीक्षेला वयोमर्यादा नाही. राज्याच्या एमएचटी-सीईटीला नाही. इग्नूला नाही. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधील ऑनलाइन बीएस पदवीलाही नाही. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नेट देणाऱ्यांना वयाची वरची मर्यादा नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीला मात्र ती आहे आणि महिलांना तीत पाच वर्षांची सवलत मिळते. थोडक्यात, शिकायला वय आड येत नाही, काही छात्रवृत्त्यांना येते. काही शिष्यवृत्त्यांच्या अटींत शिक्षणातील खंडाचाही उल्लेख असतो, त्यामुळे अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात.

मार्ग निवडताना

कोणता विषय आवडतो यापेक्षा आधी हे पाहावे की कोणता अभ्यासक्रम किती तास शारीरिक उपस्थिती मागतो. नियमित एमएस्सीत पंच्याहत्तर टक्के हजेरी आणि प्रात्यक्षिके असतात, आणि प्रात्यक्षिके घरी बसून होत नाहीत. ज्या विभागात प्रवेश घ्यायचा आहे त्याच्या कार्यालयात जाऊन मागील सत्राचे वेळापत्रक मागून घ्यावे. ते बहुधा सूचनाफलकावर अजून लावलेलेच असते. आठवड्यातून किती दुपारी प्रात्यक्षिके आहेत, ती किती वाजता संपतात आणि बॅच बदलून मिळते का, एवढे कळले की निर्णय निम्मा झाला. माहितीपुस्तिकेत या गोष्टी कधीच लिहिलेल्या नसतात.

बीएस्सी झालेलीला गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विषय हजेरीच्या दृष्टीने त्यातल्या त्यात सोयीचे पडतात. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांना प्रयोगशाळेची वेळ पाळावीच लागते. म्हणून आवड रसायनाची असताना केवळ सोयीसाठी संगणकाकडे वळू नये, पण मुलांना शाळेतून आणायला दुसरे कोणी आहे की नाही याचे उत्तर आधी मिळवावे. अभियांत्रिकीची पदवी असलेलीने गेटचा विचार जरूर करावा, कारण गेटद्वारे पूर्णवेळ एमटेकला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते आणि गेटचा गुणांक तीन वर्षे चालतो. म्हणजे परीक्षा एका वर्षी देऊन प्रवेश पुढच्या वर्षी घेता येतो. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत पदवी आणि पदविका चालवण्याची परवानगीही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून काही संस्थांना दिली आहे.

सर्वांत खडतर वाट बारावीला कला किंवा वाणिज्य घेतलेल्यांची. त्यांच्यापुढे तीन दारे आहेत. पहिले, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उच्च माध्यमिकचे गणितासारखे सुटे विषय देणे. मात्र अशी वेगळी गुणपत्रिका चालते का, हे ज्या संस्थेत जायचे तिला आधी लेखी विचारून ठेवावे. दुसरे, दहावीच्या आधारावर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वर्षे जास्त जातात म्हणून या वाटेकडे कोणी पाहत नाही, पण पाया पक्का होतो तो इथेच. तिसरे, आयआयटी मद्रासची वर उल्लेखिलेली बीएस पदवी: बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावे लागते, जेईईची गरज नसते. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाल्यास पुढे जायचे. वर्ग ऑनलाइन असले तरी मुख्य परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्याव्या लागतात, आणि पायाभूत पातळी, पदविका, बीएस्सी, बीएस अशा टप्प्यांवर थांबताही येते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. अभियांत्रिकीची पदवी आणि पीएचडी दूरशिक्षणाने करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची तशी परवानगीच नाही. ‘एका वर्षात घरबसल्या बीटेक’ अशा जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्यांची गिऱ्हाइके प्रामुख्याने शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रियाच असतात. दूरशिक्षणाने जे करायचे ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे, दोन्हींचे नाव पाहूनच करावे.

नाव, दाखले आणि खंड

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण प्रवेशाच्या टेबलावर डोळ्यांत पाणी येते ते इथे. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतेच, मधले नावही वडिलांच्या जागी नवऱ्याचे येते आणि काही घरांत पहिले नावसुद्धा बदलले जाते. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘जोशी सुनीता माधव’ असलेली बाई आधारकार्डावर ‘अनुराधा संजय पाटील’ असते, आणि या दोघी एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. पूर्वी कारकून विवाहाचा दाखला पाहून समजून घेत असे. आता शैक्षणिक क्रेडिट बँकेचे, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स (अभ्यासाचे एकक) जमा ठेवणारे ऑनलाइन खाते आधारवरून उघडते, दूरशिक्षणासाठी लागणारा डेब आयडी त्या खात्याला जोडलेला असतो, आणि संगणक समजून घेत नाही.

यावर उपाय असा. आधी सर्व कागद टेबलावर मांडून प्रत्येकावरचे नाव अक्षरशः जसे छापले आहे तसे एका कोऱ्या पानावर उतरवून घ्यावे. एखादी वेलांटी किंवा इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर वेगळे असले तरी तेही लिहावे. मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र पाहावे. लग्न झाले तेव्हा नोंदणी केली नसेल तर ती आता करून घ्यावी. केवळ आडनाव आणि मधले नाव बदलले असेल तर बहुतेक ठिकाणी हे प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र पुरते. पहिले नावही बदलले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रसिद्धीला वेळ लागतो, म्हणून हे काम जूनमध्ये नव्हे, जानेवारीत करायचे. दहावीची गुणपत्रिका बदलून आणण्याच्या मागे लागू नये असा माझा आग्रह असतो. त्यात वर्ष जाते आणि फायदा काही होत नाही. जुनी नावे जुन्या कागदांवर राहू द्यावीत आणि त्यांना आजच्या नावाशी जोडणारा राजपत्राचा कागद सोबत ठेवावा. संशोधनाकडे जायचे असेल तर शोधनिबंध कोणत्या नावाने छापायचे हेही आताच ठरवावे, कारण ते नाव पुढे बदलले की आधीचे काम दुसऱ्याच कोणाचे दिसू लागते.

शेवटच्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. अनेकजणींनी हे कधी घेतलेलेच नसते. त्यासाठी जुन्या महाविद्यालयात एक खेप घालावीच लागते, आणि तिथे गेल्यावर सर्व वर्षांच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतीही मागून घ्याव्यात. शिक्षणातील खंडासाठी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते; त्यात ‘कौटुंबिक कारणास्तव शिक्षण खंडित झाले व या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतलेला नाही’ एवढे पुरते. पंधरा वर्षांची कहाणी लिहिण्याची गरज नाही, आणि त्याबद्दल ओशाळण्याची तर मुळीच नाही. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या नात्याने निघतात, त्यामुळे वडिलांकडची कागदपत्रे कोणत्या भावाकडे आहेत याचा शोध आधीच घ्यावा.

शुल्काबाबत एक गोष्ट ठाऊक असावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. आपल्या वयाला आणि खंडाला ही सवलत कशी लागू होते आणि उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावाचा हवा, हे सुविधा केंद्रावर अर्ज भरण्यापूर्वी विचारावे.

गणिताचा हात

सहा महिन्यांतला सर्वाधिक वेळ इथे द्यावा. विसर पडलेला असतो तो कल्पनांचा नसतो. अवकलज म्हणजे काय हे विचारले तर बहुतेकजणी नीट सांगतात. गेलेली असते ती हाताची गती. समीकरणातले पद एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह चुकते, अपूर्णांकांची बेरीज अडते, घातांकांचे नियम आठवावे लागतात, आणि शिक्षक तोपर्यंत तीन पायऱ्या पुढे गेलेले असतात.

स्वतःची परीक्षा घेण्यासाठी एक साधे उदाहरण पाहा. एका द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती प्रति लिटर ३ गुणिले दहाचा उणे चौथा घात इतके मोल आहे. त्याचा सामू (पीएच) किती? सामू म्हणजे संहतीच्या लॉगॅरिदमची ऋण किंमत. ३ चा लॉगॅरिदम ०.४७७१, दहाच्या उणे चौथ्या घाताचा उणे ४. बेरीज उणे ३.५२२९, म्हणून सामू सुमारे ३.५२. हे दोन मिनिटांत, कोठेही न पाहता, कागदावर आले तर अकरावीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. उणे ४ मध्ये ०.४७७१ मिळवायचे की त्यातून वजा करायचे इथे पेन थांबले, तर नववी-दहावीच्या बीजगणितापासून. मुलीच्या दप्तरातले पुस्तक घेऊन बसण्यात कमीपणा मानू नये. बालभारतीची बारावीपर्यंतची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि अकरावी-बारावीचे गणित त्यांतून स्वतः सोडवत गेले तर दुसऱ्या कोणत्या क्लासची गरज पडत नाही.

रोज एक तास पुरे, पण तो वही-पेनाचा असावा. व्हिडिओ पाहून सगळे समजल्यासारखे वाटते आणि गणित सोडवायला घेतले की काही येत नाही. तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसून पेपर लिहावा. इतक्या वर्षांत हाताला तीन तास लिहिण्याची सवय राहिलेली नसते. दुसऱ्या तासाला अंगठा दुखू लागतो आणि अक्षर बिघडते. पहिल्या सत्रात गुण जातात त्यांतले बरेचसे यामुळेच.

शेवटच्या तीन महिन्यांत एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीच्या उपक्रमाचा, आठ किंवा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम घ्यावा. पायथन किंवा संख्याशास्त्र हे विषय कोठेही उपयोगी पडतात. शिकणे विनामूल्य आहे, परीक्षा द्यायची तर शुल्क भरावे लागते, आणि स्वाध्यायांना दर आठवड्याची ठरलेली मुदत असते. खरे सांगायचे तर तो विषयासाठी घ्यायचा नाही, घराची चाचणी म्हणून घ्यायचा. पाहुणे आले, मूल तापाने फणफणले, तरी स्वाध्याय मुदतीत गेला का, याचे आठ आठवड्यांचे उत्तर समोर आले की पदवीचा अंदाज येतो.

विषय स्वतःही पुढे सरकलेला असतो. २००३ च्या सुमारास बीएस्सी झालेलीच्या वेळी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा होता. २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. आवर्तसारणीची सातवी ओळ २०१६ मध्ये चार नव्या नावांनी पूर्ण झाली. जनुकांची काटछाट करणारे क्रिस्पर तंत्र २०१२ नंतरचे. या गोष्टींची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण त्या वर्गात सर्वांनाच शिकवल्या जातात. बीजगणित मात्र कोणी शिकवत नाही.

वर्गात आणि प्रयोगशाळेत

पहिल्या दिवशी शिपाई ‘मॅडम, स्टाफरूम तिकडे’ असे सांगेल आणि मुले ‘काकू’ म्हणतील. शिक्षक वयाने लहान असतील आणि ‘ताई’ म्हणावे की नाव घ्यावे या पेचात पडतील. आपण त्यांना सर किंवा मॅडमच म्हणावे, आणि वर्गातल्या मुलांना आपले नाव सांगून टाकावे. आठवड्याभरात सवय होते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पहिल्याच दिवशी नाव घालून घ्यावे, कारण तास रद्द झाल्याचे, सबमिशनची तारीख पुढे गेल्याचे तिथेच कळते आणि सूचनाफलकावर दोन दिवसांनी येते.

गटप्रकल्पात एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. वयाने मोठी म्हणून फाईल नीट लावणे, अहवाल टंकणे आणि सर्वांना आठवण करणे ही कामे आपोआप तुमच्याकडे येतात आणि प्रोग्रॅम लिहिण्याचे किंवा उपकरण जोडण्याचे काम दुसरा कोणी करतो. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारतात ते त्या दुसऱ्या कामावर. तेव्हा कामाची वाटणी होताना तांत्रिक भाग मागून घ्यावा.

प्रयोगशाळेत चाळिशीचा चष्मा विसरू नये. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ डोळ्याच्या पातळीत आणून तो १२.३ वर आहे की १२.४ वर हे पाहायचे असते, आणि त्या अंतरावर उघड्या डोळ्यांना दोन्ही रेघा एकच दिसतात. मग तीन टायट्रेशनची मापे जुळत नाहीत, दोष हाताचा वाटतो आणि पुन्हा द्रावण भरून उभे राहावे लागते. व्हर्नियरचेही तसेच. सुती एप्रन, बांधलेले केस, पिन लावलेली ओढणी आणि बंद चप्पल हे नेहमीचे. कार्यशाळेत फिरत्या यंत्राजवळ जाताना मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. प्रयोगवही त्याच संध्याकाळी पूर्ण करावी, कारण सत्राच्या शेवटी सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत.

घराशी ठरवायच्या तारखा

‘मला अभ्यासाला वेळ लागेल’ असे मोघम सांगून काही होत नाही. सगळे मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी डबा वेळेवर मागतात. बोलायचे ते कॅलेंडर समोर ठेवून. पहिल्या सत्राच्या अंतर्गत चाचण्या साधारण गौरी-गणपतीच्या आसपास आणि सत्र परीक्षा दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येतात. म्हणजे ज्या दिवसांत घरातल्या बाईकडून सर्वाधिक अपेक्षा असते तेच दिवस परीक्षेचे. फराळ यंदा विकत आणायचा, गौरीचा स्वयंपाक जावेने करायचा किंवा सवाष्ण पुढच्या वर्षी बोलवायची, हे जुलैमध्ये ठरले तर वाद होत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठरवायला गेले तर होतो आणि त्यात माघार कोण घेते हे सांगायला नको. सासूबाईंशी हे बोलणे नवऱ्याने करावे, असे मी सुचवते.

पीएचडीकडे जाणाऱ्यांसाठी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मान्यता आहे. नोकरी असेल तर कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि महिलांना त्यापुढे आणखी दोन, म्हणजे कमाल दहा वर्षे मिळू शकतात. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली, जी पुढे वाइज-किरण या छत्राखाली आली. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना २०११ ची. यांच्या जाहिराती ठरावीक काळातच निघतात, त्यामुळे दोन्ही विभागांची संकेतस्थळे दर महिन्याला पाहण्याची सवय लावावी. मार्गदर्शक निवडताना त्यांचे नाव किती मोठे आहे ते पाहण्याऐवजी त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींना फोन करून सर किती दिवसांत मसुदा वाचून परत देतात हे विचारावे.

मध्येच थांबावे लागले तर

असे होऊ शकते, आणि त्याची तयारीही प्रवेशाआधीच असावी. नव्या रचनेत दोन वर्षांच्या एमएस्सीतून पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते, पदवीलाही वर्षागणिक असे टप्पे आहेत, आणि क्रेडिट बँकेत जमा झालेली क्रेडिट्स कमाल सात वर्षे वापरता येतात. पण त्यासाठी रीतसर बाहेर पडावे लागते. बहुतेकजणी एके दिवशी वर्गात जाणे बंद करतात आणि विभागाला कळवतही नाहीत. मग परीक्षेला गैरहजर म्हणून नोंद होते आणि पुढे सगळे निस्तरणे अवघड जाते. त्याऐवजी सुरू असलेल्या सत्राची परीक्षा शक्य तेवढ्या विषयांची द्यावी, एखादी एटीकेटी राहिली तरी चालेल. विभागप्रमुखांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, आणि क्रेडिट बँकेच्या खात्यात त्या सत्राची क्रेडिट्स प्रत्यक्ष दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी परीक्षा विभागाकडे चौकशी करत राहावी.